राणी हुकूम देत नाही

मधपेटीची चौकट उचलून राणीमाशी दाखवली की प्रशिक्षणाला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "ताई, ही एवढ्या हजारो माश्यांना हुकूम कसा देते?" गेल्या महिन्यात एका बचत गटाच्या अध्यक्षांनी तर पुढे विचारलं, "आमच्या गटात दहा जणी माझं ऐकत नाहीत, हिला कसं जमतं?" म्हणून सविस्तर सांगते. ती हुकूम देतच नाही.

'राजा बोले, दळ हाले' हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की पोळ्यातही आपण आधी राजा शोधतो. पण सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या आपल्या देशी मधमाशीच्या, राणीकडे जरा निवांत बघा. लांब काळपट पोट, भोवती कामकरी माश्यांचं कडं. पोळ्याच्या मेणाच्या एका घरात डोकं घालते, पुढच्या पायांनी माप घेते, वळते, पोट आत सोडून अंडं घालते आणि पुढच्या घराकडे सरकते. घर लहान असेल तर कामकरी माशी होणार, मोठं असेल तर नर. आणि घर केवढं बांधायचं हे ठरवतात कामकरी माश्या. राणीला भरवतात त्याच, नवी राणी कधी वाढवायची तेही त्याच ठरवतात. वसाहत फुटायची, म्हणजे राणीसह बऱ्याच माश्यांनी थव्याने जुनं पोळं सोडून निघायची, वेळ आली की तिचं खाणं कमी करून, तिला सारखं हलतं ठेवून, उडण्याइतकी बारीक करतात त्यासुद्धा त्याच.

मग बाहेर पडलेल्या थव्याने नवं पोळं कुठे करायचं हे कोण ठरवतं? हे मी एकदा फणसाखाली स्टूल टाकून पाहिलं. फांदीला थवा लागला होता. तो यावा म्हणून मी थोड्या अंतरावर आतून मेण लावलेली कोरी पेटी मांडून ठेवली होती. हजारो माश्या एकमेकींना धरून गप्प लटकलेल्या, आणि वरच्या थरावर मोजक्या काही नाचत होत्या. त्यातल्या एकीच्या पाठीवर लाल माती होती.

ती माती पाहिली आणि मला मधमाश्यांचे जर्मन अभ्यासक मार्टिन लिंडाउअर आठवले. 1949 च्या वसंतात म्युनिकमध्ये त्यांना थव्यावर नाचणाऱ्या माश्या मळलेल्या दिसल्या, कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने तांबडी. फुलांवरून आलेली माशी अशी दिसत नाही. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरात त्या धुराडी आणि भिंतींतली भोकं धुंडाळून, घर बघून येत होत्या, आणि आल्यावर नाचून त्याचा पत्ता सांगत होत्या.

पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांनी हे आणखी उलगडलं. त्यांचे प्रयोग युरोपीय माश्यांवरचे. साधारण दहा हजारांच्या थव्यात टेहळणीला जातात त्या फक्त काही शे. जागा चांगली असेल तर नाच लांबतो, बेताची असेल तर लवकर आटपतो. नाच पाहणारी माशी तेवढ्यावर नाचू लागत नाही. ती उडते, जागा स्वतः बघते आणि मगच काय ते सांगते. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट पुढची. उत्तम जागा शोधून आलेली माशीसुद्धा दर फेरीला थोडं कमी नाचते आणि शेवटी गप्प होते. तिला आपलं म्हणणं रेटायचं नसतं. जागा खरंच चांगली असेल तर तोवर दुसऱ्या जणी पाहून आलेल्या असतात. शेवटी एखाद्या जागेवर एकाच वेळी वीस-तीस माश्या दिसू लागल्या की निर्णय झाला.

हे वाचलं तेव्हा मला आमची शेड आठवली. मध गाळायची शेड कुठे बांधायची, यासाठी गटाची बैठक होती. अध्यक्ष म्हणून मी आधी बोलले, "रस्त्याकडेची जागा बरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्याच पावसाळ्यात आत घोटाभर पाणी आलं. त्या कडेला पाणी तुंबतं हे आमच्या गटातल्या, शेजारीच राहणाऱ्या एका बाईंना ठाऊक होतं. त्या बैठकीला हजर होत्या. मी बोलून बसल्यावर त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि मीही त्यांना विचारलं नाही. ती चूक माझीच, आणि ती मला अजून टोचते.

आता मी शेवटी बोलते. जागेचा प्रश्न असेल तर आधी दोन-तीन जणी जाऊन बघून येतात, वेगवेगळ्या, आणि एकमेकींशी बोलायच्या आधी मला सांगतात. वेळ लागतो, लागू दे.

माश्यांचं सगळंच माणसांना लागू होतं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या एका आईच्या लेकी, सगळ्यांचं भलं एकाच घरात. आपल्यात बांधाची भांडणं असतात, जुने राग असतात. आणि राणी काही कामाची नाही असंही समजू नका. उडालेल्या थव्यात राणी नाही असं लक्षात आलं तर माश्या माघारी फिरतात. तिचा गंध त्यांना धरून ठेवतो. दिशा दुसऱ्या कुणीतरी दाखवायची आणि हिने सोबत असायचं, एवढंच, पण ते नसेल तर सगळंच फिसकटतं.

फणसावरचा थवा दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला उठला. आधी बारीक, किरटा आवाज सुरू झाला, मग सगळा घोस थरथरू लागला आणि मिनिटाभरात फांदी मोकळी झाली. मी मागे धावले. माश्यांच्या ढगाच्या वरच्या अंगाने काही जणी बाणासारख्या पुढे जात होत्या. वाट माहीत होती ती त्यांनाच. राणी मध्येच कुठेतरी असणार, मला दिसली नाही. माझी पेटी ओलांडून ते सगळे ओढ्यापलीकडे गेले आणि लाल मातीच्या एका जुन्या, रिकाम्या वारुळात शिरले.