आईचे सतरा सेकंद

आई पडली ती बाथरूममध्ये नाही, हॉलमध्ये, सरळ चालता चालता. मुका मार लागला, हाड वाचलं. पण नंतर खोदून विचारल्यावर कळलं की दिवाळीच्या आधीही एकदा पडली होती आणि आम्हाला सांगितलंच नव्हतं, का तर "तुम्ही उगाच घाबराल." मला ह्याचाच जास्त त्रास झाला. वर्षात दोनदा पडली म्हणजे नुसता पाय घसरला असं म्हणून सोडून देता येत नाही ना.

फिजिओथेरपीवाल्या ताई घरी आल्या. खुर्ची ठेवली, ३ मीटरवर फरशीला चिकटपट्टी लावली आणि म्हणाल्या, काकू, उठा, नेहमीसारखं पट्टीपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा. मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर सावध व्हायचं म्हणे, आईला १७ लागले. पण मी आकड्यापेक्षा ते वळणंच बघत राहिले, गर्रकन वळणारी माझी आई सहा-सात बारकी पावलं टाकत वळली, एक हात भिंतीकडे. रोज डोळ्यासमोर असून मला हे कधी दिसलंच नव्हतं. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं होतं, १० सेकंद टिकायला हवं, चौथ्यालाच तिने माझा दंड घट्ट धरला.

शेवटी बीपी. आडवी असताना वरचा १३८, उठून उभी राहिल्यावर मिनिटभरात ११२. उभं राहिल्यावर २० किंवा जास्त उतरलं तर ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, रात्री लघवीला उठल्यावर गरगरतं ते ह्यामुळेही असू शकतं. आमच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, त्यात कोणीतरी कधीकाळी दिलेली झोपेची गोळी निघाली, ती अजून चालूच होती! ती हळूहळू कमी करायला सांगितली (अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका प्लीज), बीपीचीही बदलली.

आता कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आई ओट्याला धरून टाचा वर-खाली करते, खुर्चीतून हात न टेकता उठबस करते. परवा १४ सेकंद आले. चिकटपट्टी काढू देत नाही, काल शेजारच्या काकूंना बोलावून खुर्चीत बसवलं आणि स्टॉपवॉच माझ्या हातात दिलं.