शिष्याचा चेहरा: भट्टीची तिसरी खेप

माझ्या रंगीत काचेच्या चित्रातल्या शिष्याच्या झग्याचे १९ तुकडे कापून, कडा घासून तयार आहेत. घोडं अडलंय चेहऱ्यावर. तळहाताएवढी एक फिकट काच, तिने पाच आठवडे खाल्ले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: बर्मिंगहॅमच्या सेंट फिलिप्स कॅथेड्रलमध्ये चित्रकार बर्न-जोन्सने रेखाटलेली, विल्यम मॉरिसच्या कंपनीत घडलेली १८८५ ची, येशूच्या स्वर्गारोहणाची रंगीत काचेची खिडकी आहे. तिच्यात खाली उभे राहून वर बघणारे शिष्य आहेत ना, त्यातल्या एकाचं खांद्यापर्यंतचं चित्र मी ३० बाय ४० सेंटिमीटरमध्ये करतोय.

पहिली खेप तळली गेली. अक्षरशः! रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइड आणि काचेची पूड. त्यात माझ्या हातून डिंक जास्त पडला. ६७० अंशांच्या भट्टीतून बाहेर आलेल्या भुवईवर पापडासारखे फोड. रंग सुकला की नखाने खरवडून बघायचं असतं: भुकटी निघाली तर ठीक, नख नुसतंच घसरलं तर डिंक जास्त. माहीत होतं, पण घाई नडली.

दुसरी खेप सुरेख आली. लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) बघून स्वारी खूश. मग काच खिडकीला टेकवली आणि पापण्या गायब. मागे मोकळं आकाश असलं की उजेड रेघ दोन्ही बाजूंनी कुरतडतो. नाजूक रेघ तर उरतच नाही.

शेवटी शनिवारी दुर्बीण घेऊन कॅथेड्रलमध्ये जाऊन बसलो. (शेजारच्या ख्रिस्तजन्माच्या खिडकीत बैल नाहीत. देणगी देणाऱ्या बाईंनी ते नकोत असं बजावलं होतं म्हणे. नाताळात गोठा सजवणाऱ्या आपल्या वसईकरांना हे पटायचं नाही.) तासभर फक्त चेहरे पाहिले आणि माझी चूक दिसली. डोक्याची बाहेरची कड तिथे शिसंच, म्हणजे काचेचे तुकडे जोडणारी शिशाची पट्टीच, काढतं. मी मात्र शिशाच्या आत जबड्याची रेघ पुन्हा रंगवली होती, म्हणून माझा शिष्य दाढदुखीने सुजलेला दिसत होता.

तिसऱ्या खेपेला जबड्याची रेघ काढलीच नाही. पापण्या दुप्पट जाड केल्या, त्याही व्हिनेगरमध्ये कालवलेल्या रंगाने, म्हणजे वरून पाण्या-डिंकाचा पातळ थर दिला तरी रेघ हलत नाही. थर बॅजर ब्रशने (बॅजरच्या केसांच्या मऊ, रुंद ब्रशने) सारखा केला, सुकल्यावर राठ ब्रशने नाकाचा दांडा आणि खालचा ओठ उजळून काढला. आता दहा फुटांवरून तो खरंच वर बघतोय. डावी नाकपुडी जरा बुजलीय, राहू दे.

पुढे केसांना मागच्या बाजूने सिल्व्हर स्टेन (भाजल्यावर काच पिवळी करणारा चांदीचा लेप), कमी तापमानावर. त्याआधी एक शंका: जबड्याला ६ मिलिमीटरचं शिसं घेऊ की ८ चं? ८ ने कड ठसठशीत येईल, पण हनुवटी आधीच छोटी आहे आणि शिसं तिच्यावर चढेल. इतक्या छोट्या चेहऱ्याला कुणी ८ चं लावून पाहिलंय का?