तुम्ही विचारलंत म्हणून: चालता दवाखाना का सोडला

"एमपीएच करून तुम्हाला काय मिळालं?" असं बीएएमएसच्या शेवटच्या वर्षाची पोरं फोन करून विचारतात. एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. गावातली माणसं तेच दुसऱ्या शब्दांत विचारतात, "चालता दवाखाना काहून बंद केला जी?" दोघांनाही आजवर मी घाईत काहीतरी सांगून वाटेला लावलं. आता एकदा नीट सांगतो.

पोरांना आधी पगार कळायला हवा असतो. तो माझ्या दवाखान्याच्या कमाईपेक्षा कमी आहे. करार 11 महिन्यांचा असतो, तो संपला की नव्या ऑर्डरची वाट बघायची. एमपीएच नावापुढे लावली म्हणून रुग्ण तपासण्याचा अधिकार तसूभरही वाढत नाही. आमच्या वर्गात दंतवैद्य होते, परिचारिका होत्या, संख्याशास्त्र शिकलेली एक मुलगी होती. आज कुणी पुण्यात विमा कंपनीत दावे तपासतं, कुणी दिल्लीत सल्लागार संस्थेत अहवाल लिहितं, एकजण नंदुरबारला संस्थेच्या कामात आहे, आणि दोघं पुन्हा आपापल्या दवाखान्यात बसले. सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर, म्हणजे त्या कामाच्या अधिकाऱ्यांची वेगळी फळी, राज्यांनी उभारावी, असं 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलेलं आहे. माझ्या हातात अजून करारच आहे. ही पदवी घेतली की वाट सरळ होते असं कुणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका.

आता दवाखान्याचं.

कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तो 2017 चा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे सगळं पुन्हा सांगत नाही. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. फवारलेलं औषध पिकावर कमी आणि माणसाच्या तोंडावर, छातीवर जास्त येत होतं. माझा दवाखाना केळापूरकडच्या एका गावात, बसस्टँडसमोर. फवारणीचे मजूर यायचे. चक्कर, उलट्या, लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या. मी या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, द्यायचो, सलाईन लावायचो, जड वाटलं तर यवतमाळला पाठवायचो.

त्यातला एक पस्तिशीच्या आतला, रोजंदारीवर फवारणारा. चार दिवस सलग पंप पाठीवर. संध्याकाळी आला, म्हणाला, "डॉक्टरसाहेब, डोयाले धुकट दिसते." त्याचा भिजलेला शर्ट काढायला लावला, साबणानं अंग धुवायला लावलं, ॲट्रोपिन दिलं. दोन तासांत तो सावरला, उठून बसला, चहा मागितला. मी म्हटलं, यवतमाळला जा. तो म्हणाला, सकाळी जातो, आता गाडी करायला पैसे नाहीत. ॲट्रोपिनचा असर उतरला की विष पुन्हा वर येतं, हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, तोंडपाठ होतं. तरी मी मान हलवली. बाहेर तापाचे सात-आठ पेशंट बसले होते. रात्री त्याला ऑटोत टाकून नेलं. तिसऱ्या दिवशी तो मोठ्या दवाखान्यात वारला.

पुढच्या वर्षी मी एमपीएचला प्रवेश घेतला. साथरोगशास्त्राच्या तासाला सरांनी लाइन लिस्ट करायला सांगितली: एका ओळीत एक रुग्ण, तारीख, गाव, काय केलं, काय झालं. मी माझी जुनी नोंदवही काढली. चौदा जण निघाले. तो नववा होता. आधीचे आठ ताप, हगवण, खोकल्याच्या मधे वेगवेगळ्या पानांवर पडलेले होते. विषबाधा एकाकडून दुसऱ्याला होत नाही, जंतू नाही, म्हणून मी तिला साथ म्हणून बघितलंच नव्हतं. आठ माणसं माझ्याच हाताखालून गेली आणि मी तालुक्याला एक फोन केला नाही. त्या दिवशी वसतिगृहात जेवण गेलं नाही.

ही हकीकत मी अनेक ठिकाणी सांगितली आहे. पोरांसमोर भाषणातही सांगितली आणि वर म्हटलं, "मोजायला शिका, डोळे उघडतात." तेव्हा मी अर्धंच सांगत होतो. मोजलं नाही हे खरं. पण त्या संध्याकाळी त्याला जाऊ दिलं, ती चूक मोजणीची नव्हती. ती डॉक्टरची चूक होती. ती सुधारायला एमपीएच लागत नाही, खिशातले हजार रुपये काढून गाडी करून द्यावी लागते. मग दवाखाना मी लोकांच्या भल्यासाठी सोडला, की पुन्हा तसा माणूस समोर नको म्हणून? तेव्हाच्या मला हे विचारलं असतं तर तो चिडला असता. आजही मला धड सांगता येत नाही.

कुणी म्हणतं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्यानंही हेच शिक्षण घेतलं ना! घेतलं, 1984 मध्ये, जॉन्स हॉपकिन्सला. मग गडचिरोलीत येऊन 39 गावांत शिकवलेल्या गावच्याच बायांकडून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये जगासमोर मांडलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, त्यामागे ते काम आहे. पण त्यांचं नाव घेऊन मला विचारू नका. ते गावात राहून मोजत होते आणि गावातच उपचारही करत होते. मी त्यातलं एक सोडून दुसऱ्याकडे गेलो.

माझं आताचं काम निरुपयोगी आहे असं मात्र कुणी म्हणू नये. ते मी ऐकून घेणार नाही. जुलै लागला की मी आशाताईंना आणि गावोगावच्या डॉक्टरांना स्वतः फोन करतो: फवारणीचा कुणी आला का? तिसरा आला की आम्ही त्या शिवारात जातो. कोणतं औषध, कोणात कोणतं मिसळलं, पंप कुठला, हे कृषी केंद्रावर जाऊन विचारतो. जो त्यामुळे आजारी पडलाच नाही, तो सांगायला येत नाही. त्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं, म्हणून मला ते कुणाला दाखवता येत नाही.

मागच्या पोळ्याला गावी गेलो होतो. त्या मजुराची बायको भेटली. ती आता कापूस वेचायला जाते. माझ्यावर तिचा राग नाही, आणि तेच मला सोसत नाही. मी कामाबद्दल सांगायला लागलो, आलेख, फोन, शिवार. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते बरोबर हाये जी. पण रातच्याले पोराले ताप आला तं मी कोठी नेऊ? तुमच्या दवाखान्यात आता मोबाइलचं दुकान हाये."

तिथून पांढरकवडा गाठायचं तर रात्री गाडी मिळत नाही. मी तिला माझा नंबर दिला.