छप्पर सुटलं की घर गेलं

चैत्र-वैशाखात मोकळ्या मैदानात धूळ-पाचोळा गरगरत वर जातो, ती आपली वावटळ. तापलेल्या जमिनीवर उठते आणि थोड्या वेळात विरते. टॉर्नेडोला तिची थोरली बहीण समजतात, ते चूक आहे. त्याचं मूळ माथ्यावरच्या गडगडाटी ढगात असतं.

अमेरिकेच्या मधल्या सपाट पट्ट्यात वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखातावरची दमट, उबदार हवा जमिनीलगत येते. वरून पश्चिमेकडची कोरडी हवा वाहते. खालचा वारा दक्षिणेचा आणि मंद, वरचा पश्चिमेचा आणि जोरकस. या ओढाताणीत मधली हवा पोळपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी फिरू लागते. ढगात चढणारा उबदार झोत ती फिरकी उचलून उभी करतो. झाला सुपरसेल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारा गडगडाटी ढग. पण बहुतेक सुपरसेल इथेच थांबतात. पुढचं बरंचसं ढगाच्या मागच्या बाजूने उतरणाऱ्या हवेवर ठरतं: ती फार गार असेल तर जड होऊन जमिनीलगतच पसरते आणि झोताला खालून मिळणारा पुरवठा तुटतो. तितकी गार नसेल तर जमिनीजवळची फिरकी वर खेचली जाते, घेर आवळतो आणि वेग भयंकर वाढतो. हाच टॉर्नेडो.

मिसुरी राज्यातलं जॉप्लिन, 22 मे 2011. इशारा संध्याकाळी 5:17 ला निघाला, टॉर्नेडो 5:34 ला जमिनीला टेकला. सतरा मिनिटं हाताशी होती. पण सायरन अनेकदा वाजून काहीच न झालेलं, त्यात हा टॉर्नेडो पावसाच्या पडद्याआड लपलेला. खात्री करून घेण्यात अनेकांचा वेळ गेला. बहुसंख्य घरांना तळघरही नव्हतं. सुमारे 35 किलोमीटर लांब पट्टा उद्ध्वस्त झाला, 158 माणसं थेट त्यात गेली. वाऱ्याचा वेग ताशी 320 किलोमीटरच्या वर ठरवला गेला, तोही नुकसानीवरून. पार्किंगमधले 136 किलोहून जड काँक्रीटचे अडसर उखडून लांब फेकले गेले होते.

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. लाकडी घरात आधी खिडकी किंवा गॅरेजचं रुंद दार फुटतं. आत घुसलेला वारा छपराला खालून रेटतो, बाहेरचा वरून उपसतो. वासे भिंतीला नुसत्या खिळ्यांनी ठोकलेले असले तर तो सांधा सुटतो, आणि छप्पर गेलं की भिंतींना वरून आधार उरत नाही. पोलादी पट्ट्यांनी तोच सांधा बांधायला फार खर्च येत नाही, तरी तो टाळला जातो याची खंत वाटते. ‘दाब सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघडा’ हा जुना सल्ला तर पूर्ण चुकीचा. वाऱ्याला आपणच वाट करून देतो.

जॉप्लिनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाचा सांगाडा उभा राहिला, पण खिडक्या फुटल्या, वीज गेली, जनरेटरही बंद पडले. काचा टिकल्या त्या मनोरुग्ण विभागातल्या, कारण त्या थर चिकटवून मजबूत केलेल्या होत्या.

डॅलस, ओक्लाहोमाकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींनी तळघर किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली पोलादी खोली आहे का, हे आधी विचारावं. नसेल तर तळमजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न लागणारी, बिनखिडकीची छोटी खोली गाठायची. डोक्यावर सायकलचं हेल्मेट, अंगावर गादी. पुलाखाली गाडी लावून थांबू नका, तिथे वारा आणखी जोरात घुसतो. आणि पायात बूट घालूनच खोलीत शिरा. बाहेर येताना जमिनीवर खिळे आणि काचाच असतात.