जुलाब झालेलं मूल: पोटाचा चिमटा आणि चमचाभर ओआरएस

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळलं की वाडीवाडीत पोरांची पोटं बिघडतात. जुलाब किती झाले ते आई लगेच सांगते, पण मूल किती सुकलंय ते आपणच बघायचं. किरकिर करतंय की मलूल पडलंय? डोळे नेहमीपेक्षा खोल गेलेत का? वाटी दाखवली की झडप घालतं की तोंड फिरवतं?

मग चिमटा. मुलाला उताणं झोपवा. बेंबी आणि कुशीच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीच्या पेरांमध्ये कातडीची उभी घडी धरा, नखं लावू नका. क्षणभर धरून सोडा. घडी सावकाश बसली तर मूल सुकलंय. 2 सेकंदांहून जास्त राहिली तर प्रकरण गंभीर. मात्र कुपोषित मुलाची कातडी मुळात सैल असते आणि गुटगुटीत बाळाची चरबीमुळे पटकन बसते, म्हणून एकट्या चिमट्यावर निर्णय नको. दोन खुणा तरी जुळल्या पाहिजेत.

किरकिर, खोल डोळे, अधाशी तहान, सावकाश बसणारी घडी, यांतल्या दोन दिसल्या तर 4 तासांत किलोमागे 75 मिली ओआरएस (पाकिटातलं मीठ-साखरेचं पाणी). 8 किलोच्या मुलाला 600 मिली, म्हणजे दर 2 मिनिटांनी 5 मिलीचा एक चमचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण यावरच सगळं आहे. घाईत पेला तोंडाला लावला की उलटी होते. झालीच तर 10 मिनिटं थांबून आणखी सावकाश सुरू करा. पापण्या सुजल्या तर ओआरएस थांबवा, साधं पाणी किंवा अंगावरचं दूध द्या. 4 तासांनी पुन्हा तपासा.

सर्वांत जास्त चुकतं ते मिश्रण. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घातलं तर रक्तातलं मीठ वाढून मूल आणखी बिघडतं. बनवलेलं 24 तासांनी ओतून टाका. शहाळ्यात सोडियम फार कमी, कोकम सरबतात साखर फार, म्हणून ती ओआरएसच्या जागी चालत नाहीत. मीठ घातलेली पेज मात्र जरूर द्या. खाणं बंद करू नका, अंगावरचं दूध तर अजिबात नाही.

मूल सुस्त किंवा बेशुद्ध आहे, डोळे खोल गेलेत, त्याला पिता येत नाही, घडी 2 सेकंदांहून जास्त राहते, यांतल्या दोन खुणा दिसल्या किंवा शौचात रक्त असलं, तर उपकेंद्रावर वेळ न घालवता थेट ग्रामीण रुग्णालयात न्या. सुकण्याच्या गंभीर अवस्थेत रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाइन) शिरेतून, किलोमागे 100 मिली लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्या तासात 30, पुढच्या 5 तासांत 70. मूल गिळू शकत असेल तर वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवा. अतिकुपोषित मुलाचं गणित वेगळं, त्याला रुग्णालयातच सांभाळावं लागतं.

जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस पूर्ण करा: 6 महिन्यांवर रोज 20 मिग्रॅ, 2 ते 6 महिन्यांत 10. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते.