मंगळाच्या फोटोंना ना-हरकत कुणाची? कलादालन मिळवतानाचा माझा अनुभव

सगळ्यात आधी कामाचं सांगतो. नासाच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायला कलादालन मागणार असाल आणि अर्जाच्या पहिल्या पानावर ‘वैयक्तिक’ आणि ‘शैक्षणिक’ अशा दोन चौकटी असतील, तर ‘शैक्षणिक’वर खूण करा. आम्ही ‘वैयक्तिक’वर केली. त्या एका खुणेपायी आमचे 23 दिवस गेले. आज इतके दिवस झाले तरी त्या टेबलाची आठवण आली की डोकं तापतं.

आम्ही कोल्हापूरचे सहा जण. मी उद्यमनगरात पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी नमुने बनवतात तिथं, असतो, एक जण शाळेत विज्ञान शिकवतो, एका ताईंचं राजारामपुरीत मेडिकल आहे, बाकीचे तिघं असेच आपापल्या कामातले. 19 फेब्रुवारी 2021 ला रात्री 2 वाजून 25 मिनिटांनी नासाचा पर्सिव्हिअरन्स रोव्हर, म्हणजे फिरती यंत्रगाडी, मंगळावर उतरल्याचा सिग्नल आला तेव्हा सगळे आपापल्या घरी जागे होतो. शिवजयंतीचा दिवस उजाडायचा होता. सिग्नल पृथ्वीवर पोचायला 11 मिनिटं 22 सेकंद लागत होते, म्हणजे आम्ही श्वास रोखून बसलो होतो तेव्हा तिकडे जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं. पहिला फोटो आला तो कॅमेऱ्याच्या पारदर्शक झाकणातून काढलेला. झाकणावर धूळ, पुढं खडे आणि जमिनीवर रोव्हरची स्वतःची सावली. ती सावली बघून मला रडू आलं होतं.

तेव्हापासून रोज फोटो बघायची सवय लागली. नासा हे फोटो आले तसे, कच्चे, सगळ्यांसाठी खुले ठेवते. मंगळाचा दिवस, म्हणजे सोल, 24 तास 39 मिनिटं 35 सेकंदांचा, त्यामुळे तिथली दुपार आपल्या घड्याळात रोज साधारण 40 मिनिटांनी पुढं सरकते. फाइलच्या नावात पहिल्या अधोरेषेनंतरचे चार आकडे म्हणजे सोल. एवढं कळलं की प्रवास लावता येतो. 10 डिसेंबर 2024 च्या सुमारास रोव्हर साडेतीन महिन्यांची, 500 मीटरची चढण चढून तो ज्यात उतरला होता त्या जेझेरो विवराच्या काठावर पोचला आणि आम्ही ठरवलं, सोल 0 पासून या काठापर्यंतचे 40 फोटो एका रांगेत लावायचे. उतरल्याला चार वर्षं होतात, तेव्हा 18 फेब्रुवारी 2025 ला. (19 तारीख मागू नका. शिवजयंतीला कोल्हापुरात हॉल मिळत नाही, आणि मिळाला तरी त्या दिवशी गाव रस्त्यावर असतं.)

तर अर्ज. रकाना क्रमांक 7: ‘छायाचित्रकाराचे नाव, पत्ता व स्वाक्षरी’. मी लिहिलं, नासा. टेबलावरच्या बाईंनी नेमकं तिथंच पेन ठेवलं. “सही कुठाय? नासाचं ना-हरकत पत्र आणा, लेटरहेडवर, शिक्क्यासह.” मी सांगितलं की हे फोटो लोकांसाठी खुले आहेत, वेगळी परवानगी लागत नाही. “तसं लेखी दाखवा.”

दुसऱ्या खेपेला लेखी नेलं. फोटो वापरण्याचे नियम नासानं स्वतः जाहीर केलेले आहेत, त्याची प्रिंट काढली, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या केल्या. अमेरिकेत नासाच्या फोटोंवर सहसा कॉपीराइट नसतो, शैक्षणिक प्रदर्शनाला वेगळी परवानगी लागत नाही, स्रोताचं नाव मात्र द्यावं, इतकं स्पष्ट आहे ते. बाईंनी कागद उलटा फिरवून माझ्याकडं सरकवला. इंग्रजी आहे, मराठीत आणा. तिसऱ्या खेपेला आमच्यातल्या विज्ञानाच्या सरांनी रात्री बसून केलेलं भाषांतर नेलं. आता विचारणा झाली की भाषांतर कुणी केलं, आणि सोबत स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लागेल. पाचशेचा स्टॅम्प घेतला. चौथ्या खेपेला साहेब रजेवर. पाचव्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये.

प्रत्येक खेपेला माझा अर्धा दिवस खाडा पडत होता. शेठ काही बोलले नाहीत, पण मला बोचत होतं. आणि त्याहून जास्त बोचत होतं ते हे की, अब्जावधी डॉलर खर्च करून, कोट्यवधी किलोमीटरवरून आलेले फोटो ज्यांनी काढले त्यांनी जगाला असेच देऊन टाकले, आणि कोल्हापुरातल्या पोरांना ते भिंतीवर बघायला मिळू नयेत म्हणून एक रकाना आडवा येतोय. डॉ. जयंत नारळीकरांचा जन्म ज्या गावातला, त्या गावात. मी त्या दिवशी बाकावरून उठलोच नाही. दोन तास बसलो. मांडीवर फोटोंची फाइल. चाळा म्हणून एकेक फोटो बघत होतो. शेजारी कुठल्यातरी दाखल्यासाठी आलेले एक आजोबा वाकून बघायला लागले. जमिनीवर ठेवलेली खडकाच्या नमुन्याची नळी त्यांना दाखवली. अशा 10 नळ्या रोव्हरनं डिसेंबर 2022 ते जानेवारी 2023 मध्ये एका सपाट जागी मांडून ठेवल्या, पुढं कुणीतरी येऊन नेईल म्हणून. आजोबा म्हणाले, “बियाणं ठेवल्यागत ठेवलंय की.” पुढचा तास जरा हलका गेला.

साहेब आले. त्यांनी फाइल उघडली आणि दोनच प्रश्न विचारले. फोटो विकणार का? नाही. तिकीट लावणार का? नाही. “मग हे शैक्षणिकमध्ये येतं. शाळेचं पत्र जोडा. सातवा रकाना कलाकारांच्या स्वतःच्या प्रदर्शनाला असतो.” त्यांनी स्वतःच्या हातानं तो रकाना खोडला आणि वर लिहिलं, ‘स्रोत: नासा/जेपीएल-कॅल्टेक’ (जेपीएल ही नासासाठी कॅल्टेक चालवते ती प्रयोगशाळा, रोव्हर तिचाच). हमीपत्र साध्या कागदावर चाललं. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर आल्यावर मला आनंद व्हायच्या आधी राग आला. दुसरी चौकट त्याच पानावर होती, पहिल्या दिवशी टेबलावरच्या बाईंनी बोट ठेवून दाखवली असती तर? नियम पाळायला माझी ना नाही. पण नियम माहीत असणाऱ्यानं तो समोरच्याला सांगितला पाहिजे, हे मी त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं. तेवढं राहून गेलं.

म्हणून, अर्ज देताना त्याची पोच घ्या, आवकचा शिक्का आणि तारीख मारून. आमच्या पहिल्या अर्जाची पोच नव्हती, त्यामुळे आमची तारीख दुसऱ्या कुणाला जाता जाता वाचली. काय कमी आहे ते कागदावर लिहून मागा, तोंडी ऐकून परत फिरू नका.

आमची एक चूकही सांगतो. पत्रकावर आम्ही नासाचं गोल बोधचिन्ह छापलं होतं. फोटो खुले असले तरी बोधचिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही. भाषांतर करताना सरांच्या लक्षात आलं, सगळी पत्रकं पुन्हा छापली.

प्रिंटचं राहिलंच. फ्लेक्सवर करू नका, फोटोपेपरवर करा, आणि छपाईवाल्याला शेजारी बसून सांगा की रंग आपोआप सुधारायचे नाहीत. आमच्या पहिल्या प्रिंटमध्ये मंगळाचं दुपारचं आकाश निळसर आलं. तिथं ते हवेतल्या धुळीमुळे पिवळट-तांबूस असतं, निळसर झाक येते ती मावळतीला, सूर्याभोवती.

18 तारखेला सकाळपासून शाळेची मुलं आली. मी मात्र दिवसभर चाकांच्या फोटोंपाशी घोटाळत होतो, कारण ते मी निवडले होते. एक क्युरिऑसिटी या नासाच्या आधीच्या रोव्हरचं चाक, अॅल्युमिनियमचं, पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर, धारदार खडकांनी फाटून भोकं पडलेलं. शेजारी पर्सिव्हिअरन्सचं. संध्याकाळी उद्यमनगरातले एक म्हातारे मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारे, आले. आता काम सोडलंय त्यांनी. खालची माहिती न वाचता फाटलेल्या चाकापाशी थांबले, काचेवर बोट ठेवून चाकावरच्या दोन धारांमधलं, म्हणजे जमीन पकडणाऱ्या उंच कडांमधलं, अंतर मोजलं. “धारा लांब लांब पडल्यात. मधला पत्रा उघडा राहिला, म्हणून फाटलाय.” मग दुसऱ्या फोटोपाशी गेले आणि धारा मोजायला लागले. त्या दुप्पट आहेत, 24 च्या जागी 48, आणि पत्राही जाड केलाय. मी सांगणार होतो, पण ते मोजत होते, म्हणून गप्प उभा राहिलो.