शून्य बिलाच्या गावात

आज बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका गावी बचत गटाच्या महिलांशी वीजवापराविषयी सविस्तर बोलणे झाले, आणि मी या विषयाकडे कशी वळले ते पुन्हा आठवले. पर्यावरणशास्त्र शिकताना माझे सारे लक्ष मलप्रभा नदीच्या पाण्यातील प्राणवायू मोजण्याकडे होते. परंतु मोजमाप कितीही अचूक झाले तरी माणूस आपली सवय का बदलतो, हे त्यातून कळत नव्हते. पुढे कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथील, 2007 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग वाचनात आला. शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळवताच जास्त वीज वापरणाऱ्या घरांनी तो घटवला, पण कमी वापरणाऱ्यांचा वाढला. त्यांच्या पत्रकावर शाबासकीदाखल हसरा चेहरा काढला, तेव्हाच ती वाढ टळली. माझी दिशा तिथेच ठरली.

आपल्याकडे कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेत, घराच्या पूर्वीच्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून, 200 युनिटच्या मर्यादेत वीज मोफत मिळते. ज्यांचे बिलच शून्य, त्यांना ‘पैसे वाचतील’ असे सांगून काय उपयोग, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. आज एक काकू म्हणाल्या, “ताई, दोनशेच्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतंय, म्हणून आम्ही मीटर बघत असतोय.” मीटर वाचण्याची ही सवय मला फार मोलाची वाटते, कारण आपला वापर डोळ्यांसमोर असल्याशिवाय तो आवरता येत नाही. आता माझ्या पाहणीच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही प्रश्नावल्यांत पहिला प्रश्न मीटरविषयीच असेल.